आकडेमास्तरांची बैठक

देवळात आलेल्या माणसाला भिंती दिसतात, खांब दिसतात, चौकटीवरची वेलबुट्टी दिसते. आकडेमास्तरांचं काम मात्र कुणाला दिसत नाही, आणि दिसलंच तर ते चुकलं असं समजायचं. त्यांचं काम चिऱ्याच्या वरच्या अंगाला असतं. पांढऱ्या रंगात घातलेला एक आकडा, बोटभर उंचीचा. त्यावर पुढचा थर बसला की संपलं. असे तीन हजार सहाशे बारा आकडे मास्तरांनी घातले आणि एकेक करून सगळे झाकले जाताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. याचं त्यांना वाईट वाटायचं का, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "बनियन काय लोकांना दाखवायला घालतो आपण?"

मुळात ते पाट्या रंगवणारे. 'आत येऊ नये', 'हात लावू नये', 'येथे थुंकू नये' अशा पुरातत्त्व खात्याच्या पाट्या रंगवण्यात त्यांची पहिली बारा वर्षं गेली. मग नदीवर धरण बांधायचं ठरलं. पाणी जिथवर चढणार होतं त्याच्या आत हे जुनं देऊळ येत होतं, तेव्हा ते उचलून टेकडीवर न्यायचं असा हुकूम निघाला. देऊळ बांधणाऱ्यांनी चुना वापरलाच नव्हता. चिऱ्यावर चिरा, आपापल्या वजनाने बसलेला. त्यामुळे उतरंडीसारखं ते वरून एकेक करत उतरवता येणार होतं. प्रश्न एवढाच की पुन्हा रचताना कुठला चिरा कुठे, हे सांगणार कोण? अक्षर चांगलं आणि डोकं थंड असा माणूस हवा होता. थंड डोक्याबद्दल त्यांच्या बायकोचं मत वेगळं होतं, पण तिला विचारलं कुणी?

पद्धत सोपी होती. पू-१९-७ म्हणजे पूर्वेची भिंत, जोत्यापासून एकोणिसावा थर, डावीकडून सातवा चिरा. आकडा चिरा जागेवरून हलवायच्या आधी घालायचा, आणि वरच्या अंगालाच घालायचा. म्हणजे आकडा वर दिसतोय तर चिरा सुलटा, एवढं हमालालाही कळतं. मग बाडासारख्या जाड वहीत त्याची ओळ भरायची: क्रमांक, माप, अवस्था, आणि शेवटच्या रकान्यात आकडा घालणाराची सही. तीन हजार सहाशे बारा ओळी आणि शेवटच्या रकान्यात तीन हजार सहाशे बारा वेळा मास्तरांची सही. त्यातल्या त्रेचाळीस सह्या खोट्या होत्या.

त्याचं असं झालं. उतरवण्याचं काम पूर्वेच्या भिंतीपर्यंत आलं आणि मास्तर तापाने फणफणले. अंगाची नुसती भट्टी. पाणी तर रोज वीतभर चढत होतं. ते आजारी असल्याचं कळवलं असतं तर साहेबांनी हापिसातला कुणीतरी कारकून बसवला असता, आणि दुसऱ्याचा हात आपल्या आकड्यांत शिरणार या कल्पनेनेच मास्तरांचा ताप आणखी चढला.

"मी जाते," बायको म्हणाली.

"तू? तुला काय जमणार त्यातलं?"

"आकडे काढायचेत ना? का शिखर बांधायचंय?"

रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन ती गेलीसुद्धा. मुकादमाने तिला बघून कपाळावर हात मारला, पण चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसवण्यापेक्षा हे बरं, असा त्याने विचार केला. परांचीवर मात्र त्याने तिला चढू दिलं नाही. "वहिनी, तुम्ही खाली थांबा. मी वरून खडूने आकडा घालून चिरा सोडतो, तुम्ही त्यावर रंग भरा." तसंच झालं. संध्याकाळपर्यंत तिने त्रेचाळीस चिरे रंगवले. घरी येऊन तिने मास्तरांच्या कपाळावरची घडी बदलली आणि हात न धुताच सांगितलं, "झालं तुमचं देऊळ."

ताप उतरल्यावर मास्तर बघायला गेले. आकडे स्वच्छ होते, एकही चुकला नव्हता. फक्त प्रत्येक आकड्याखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. शाळेत असताना गणिताचं उत्तर आलं की खाली दोन रेघा मारायची सवय, ती तिची कधी सुटली नाही. वाण्याच्या यादीखालीसुद्धा दोन रेघा असायच्या. मास्तर घरी येऊन म्हणाले, "रंग काय फुकट येतो? आकड्यापुरता आकडा काढायचा." ती म्हणाली, "पुढच्या वेळी ताप आला की सांगा, बिनरेघांचे काढून देईन." मास्तरांनी वहीत त्रेचाळीस ओळी भरल्या आणि शेवटच्या रकान्यात आपली सही ठोकली. बाहेरच्या माणसाने काम केलं हे कळलं असतं तर मुकादमाचीही कंबख्ती होती.

देऊळ उतरलं, ट्रकांनी टेकडीवर गेलं आणि तिथे नऊ वर्षं पडून राहिलं. रस्ता मंजूर होईना, रस्ता झाला तर जागेचा नकाशा मंजूर होईना. उघड्या माळावर चिरेच चिरे ओळीने मांडलेले, आकडे वर करून. ऊनपावसाने रंग उडायचा, म्हणून मास्तर दरवर्षी डबा घेऊन दिसतील ते सगळे आकडे पुन्हा भरायचे; वहीशी ताळा रचतानाच घ्यायचा होता. त्याला त्यांचे दोन महिने जायचे. बायकोचे चिरेही त्यात आले. आकड्यावर आकडा चढायचा. रेघा काही ते भरत नसत, रेघांचा कामाशी संबंध नव्हता. दोनतीन वर्षांत त्या पुसट झाल्या आणि मग दिसेनाशा झाल्या.

सहाव्या वर्षी बायको गेली. पोटाचं दुखणं होतं, चार महिन्यांत आटोपलं. त्या वर्षी मास्तर पूर्वेच्या भिंतीच्या ओळीपाशी आले आणि कुंचला हातात धरून तसेच बसून राहिले. तिने घातलेल्या आकड्यांवर त्यांचाच हात चार चार वेळा फिरला होता. एक रेघ जरी राहिली असेल म्हणून ते चिऱ्यांवर अगदी नाक टेकवून बघत गेले. राहिली नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगता येण्यासारखंही नव्हतं. माणूस गेल्याचं दुःख सांगता येतं, रेघा पुसल्याचं कसं सांगणार?

अखेर मंजुरी आली आणि रचायला सुरुवात झाली. मास्तरांसाठी माळावर पत्र्याची शेड घातली. टेबल मिळालं, खुर्ची मात्र कागदावरच राहिली. मास्तरांनी जोत्याच्या भरावाचा जो ढीग होता त्यातला एक बसका चिरा हेरला आणि दोन हमालांकरवी आणवून टेबलापुढे ठेवला. छान घोटलेला, सपाट, उंचीला नेमका. भरावात टाकायचा दगड एवढा घडवून कोण टाकेल, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण बसायला सोय झाली की माणूस प्रश्न विचारत नाही. लेकीने त्यावर जुन्या गोधडीची घडी घालून दिली. मुकादम त्याला मास्तरांची बैठक म्हणायचा, आणि मास्तर दुसऱ्या कुणाला त्यावर बसू देत नसत.

थरावर थर चढत गेला. मास्तर वहीतून आकडा पुकारायचे, हमाल चिरा आणायचे, गवंडी बसवायचे. पूर्वेच्या भिंतीचा एकोणिसावा थर आला. पाच बसला, सहा बसला. सात मिळेना.

दोन दिवस काम थांबलं. मास्तरांनी माळ पालथा घातला. भरावाच्या ढिगातला एकूण एक दगड त्यांनी उलटवून घेतला. "तो उलटा! आता पलीकडचा!" असं ते शेडमधून ओरडून सांगत होते. दोन दिवसांत अडीचशे दगड उलटले. तिसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, "मास्तर, ट्रकातून पडून फुटला असेल. तुटला लिहा आणि मोकळे व्हा. किती दिवस माणसं बसवू?"

मास्तरांनी बराच वेळ टाक हातात धरला. मग बैठकीवर बसून, अवस्थेच्या रकान्यात त्यांनी 'तुटला' असं लिहिलं.

तुटलेल्या चिऱ्याच्या जागी नवा घालायचा तर तो जुन्यासारखा दिसू द्यायचा नाही, असा खात्याचा नियम. म्हणून सातव्याच्या जागी कोरा, फिकट रंगाचा चिरा बसला. मास्तरांना तो येताजाता दिसायचा. हसताना एखाद्याचा बसवलेला दात दिसावा तसा. बाकीचे सगळे चिरे आपापल्या जागी बसत होते आणि त्यांची नजर नेमकी तिथेच जायची.

शिखर चढलं. शेवटची तपासणी पुढच्या आठवड्यात, आणि महिनाअखेर मास्तरांची नोकरी संपत होती. साहेब वहीवर सही करणार, वही खात्याच्या कपाटात कायमची जाणार. माळ साफ करायचं काम सुरू झालं. भरावाचा उरलेला दगड पायवाटेखाली घालायचा होता. दुपारी मास्तर डबा खायला उठले होते तेवढ्यात हमालांनी शेड मोकळी करायला घेतली. गोधडी बाजूला काढली, चिऱ्याखाली पहार घातली आणि बैठक उलटी केली.

"मास्तर, ह्याला आकडा आहे!"

मास्तर घास हातात घेऊन आले. दगडाच्या खालच्या अंगाला पांढरा शुभ्र आकडा होता. पू-१९-७. ऊन नाही, पाऊस नाही, काल घातल्यासारखा. त्याखाली दोन रेघा होत्या.

मुकादमाला आठवायला वेळ लागला नाही. "अरे देवा! हा दोरात फिरला होता खाली येताना. खडू पुसला गेला. वहिनींनी खालून विचारलं, हा कितवा? मी वरून ओरडलो, एकोणीस-सात! मोठ्या चिऱ्यांना वर उचलायची भोकं असतात, ह्याला नाही. त्यांना काय ठाऊक वर कुठलं अंग? जे वर दिसलं त्यावर लिहिलं." तो थांबला. "आणि माळावर ट्रकातून उतरवताना पुन्हा फिरला असणार, तर आकडा गेला खाली."

आकडा चुकला नव्हता. बाजू चुकली होती. वर काही दिसेना म्हणून चिरा भरावात गेला, आणि तिथून मास्तरांच्या बुडाखाली. माळावरचे अडीचशे दगड उलटवणाऱ्या माणसाने तेवढा एकच दगड उलटवला नव्हता, कारण तो त्यावर बसून हुकूम सोडत होता.

मुकादमाने हमालांना चहाला पिटाळलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, झालं ते झालं. आठ दिवसांनी तपासणी आहे. ह्या भिंतीवर शिखराचा भार नाही, पण वर चार थर चढलेत, अकरा चिरे उतरवल्याशिवाय हा आत जायचा नाही. आणि साहेबांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं, तर? त्रेचाळीस सह्या निघतील बाहेर. तुम्ही चाललात घरी, माझी अजून पाच वर्षं आहेत. घरी घेऊन जा हा दगड. माझी माणसं पोचवतील."

मास्तर परत जेवायला गेलेच नाहीत. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी लेकीला सांगितलं. लेक पोस्टात नोकरीला होती, आईसारखीच तोंडाने फटकळ. पण ऐकता ऐकता तिने ताट बाजूला सारलं.

"बाबा, आईच्या हातचं आपल्याकडे काय उरलंय? याद्या तुम्ही रद्दीत घातल्या. पत्रं तिने कधी लिहिली नाहीत, जाणार कुठे होती ती? हे एक आहे. आणा ना घरी. अंगणात ठेवू, आकडा वर करून."

"तो देवळाचा चिरा आहे."

"देवळाला दुसरा मिळालाय. आपल्याला दुसरी मिळणार आहे का?"

खरं सांगायचं तर मास्तरांनाही तो घरी हवा होता. इतका हवा होता की दुपारीच त्यांनी अंगणातली जागासुद्धा मनात ठरवून टाकली होती, न्हाणीच्या बाजूला, जिथे तिची धुणं वाळत घालायची दोरी होती. कुणाला कळणार नव्हतं. कुणाचं बिघडणार नव्हतं. एक ओळ खोटी राहिली असती, आणि एक ओळ म्हणजे काय मोठंसं.

सकाळी ते टेकडीवर गेले आणि पूर्वेच्या भिंतीपुढे उभे राहिले. भिंतीत आत कुठे काय लिहिलंय ते त्यांना तोंडपाठ होतं. तिचे बेचाळीस आकडे आत होते, त्यांच्या रंगाखाली गाडलेले. ती चुकली नव्हती. एका दिवसात, वर न चढता, उन्हात उभी राहून तिने त्रेचाळीस चिऱ्यांना त्यांचा पत्ता बरोबर लावून दिला होता. आणि तिच्या एका चिऱ्यापुढे त्यांनी, थंड डोक्याच्या माणसाने, 'तुटला' असं लिहिलं होतं. हा चिरा अंगणात नेला असता तर वहीत कायमचं तेच राहिलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. वहीपुढे वाटली त्याहून तिच्यापुढे जास्त वाटली.

साहेब आल्या आल्या मास्तर त्यांच्या खोलीत गेले आणि ताप, कुंचला, खडू, सह्या, सगळं ओळीने सांगितलं. मुकादमाचं नाव त्यांनी गाळायचा प्रयत्न केला, पण वरून ओरडलं कोण, हे सांगताना ते आलंच.

साहेबांनी हातातली फाईल खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही 'तुटला' लिहिलंत ते..."

"त्याच्यावरच बसून, साहेब."

साहेबांना एक म्हण आठवली असावी, कारण त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसून झाल्यावर ते गंभीर झाले. "मास्तर, खुलासा लिहून द्या, मी वहीला जोडतो. चिरा संग्रहात ठेवू. भिंत कशाला उघडायची?"

"चिरा शाबूत आहे, साहेब. शाबूत चिरा जागेवर जातो. नियम आहे."

"आणि बाहेरच्या माणसाने काम केलं, त्याचं काय?"

"ते तर लिहितोच आहे. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. मुकादमाने माझ्या सांगण्यावरून केलं, असं धरा."

साहेबांनी खिडकीतून भिंतीकडे बघितलं. तो फिकट दात त्यांनाही खुपत असावा. "पाच दिवस देतो," ते म्हणाले. कारवाईबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत.

मुकादम दोन दिवस मास्तरांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी अकरावा चिरा उतरला, नवा दात निघाला, आणि कप्पीला दोर लावताना त्याच्या तोंडून शब्द फुटला. "वहिनींचा आहे, सांभाळून घ्या रे. फिरू देऊ नका दोर."

लेकीने पोस्टातून रजा काढली होती. ती आली, चिऱ्यापाशी बसली आणि आकड्यावर पंजा ठेवून राहिली. मग दोन रेघांवरून तिने बोट फिरवलं, आधी वरच्या, मग खालच्या. "सरळ पण काढता येत नव्हत्या तिला," ती म्हणाली आणि रडायला लागली. मास्तरही रडले. हमाल दुसरीकडे बघत उभे राहिले.

चिरा वर गेला. आकड्याचं अंग खाली, कारण ते खालचंच अंग होतं. सहा आणि आठच्या मधे तो असा बसला की फटीत सुरीचं पातं जाईना. इतकी वर्षं तिथे नव्हता हे सांगूनही पटलं नसतं.

"मास्तर, वरचं अंग कोरं आहे," मुकादम म्हणाला. "नियम."

मास्तर साठीला आलेले, पण परांचीवर चढले. कुंचला बुडवून त्यांनी वर आकडा घातला, पू-१९-७. क्षणभर थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आकड्याखाली दोन रेघा मारल्या. रंग वाळायची वाट बघितली, खाली उतरले, आणि मुकादमाने पुढचा चिरा सोडला.

शेडमध्ये टेबलावर वही उघडी होती. मास्तरांनी 'तुटला' खोडलं आणि 'जागेवर' लिहिलं. मग शेवटच्या रकान्यातल्या आपल्या सह्या एकेक करून खोडायला घेतल्या आणि प्रत्येकीपुढे बायकोचं नाव लिहिलं, त्रेचाळीस वेळा, वळणदार अक्षरात, पाटी रंगवावी तसं. काम बरंच चाललं. जरा टेकायला गेले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आता बसायला काही नाही. उरलेल्या ओळी त्यांनी उभ्यानेच लिहिल्या.